जगाच्या फेरीत बिघडलेली तब्येत

जगाला एक फेरी मारून यायची, हे खूळ मूळचं दिगूचं. दिगू म्हणजे दिगंबर म्हस्के. देवळाली प्रवराच्या एका हायस्कूलमध्ये आम्ही दोघांनी एकोणतीस वर्षं बरोबर नोकरी केली. तो भूगोल शिकवायचा, मी इंग्रजी. वर्गात जगाचा नकाशा टांगून तो पट्टीचं टोक एखाद्या देशावर ठेवायचा आणि विचारायचा, "इथं आत्ता लोक जेवतायत का झोपलेत?" मुलं हसायची. तो मात्र हिशेब करून खरं उत्तर सांगायचा. आणि एवढं करून हा माणूस कधी हैदराबादच्या पुढं गेलेला नव्हता. मीही धड्यांमधला बर्फ तीस वर्षं शिकवला आणि एकदाही हातात धरला नाही.

निवृत्तीनंतर दोघांनी नगरला सावेडीत घरं केली, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं. माझी बायको नसीम आणि दिगूची सुमन यांचं आमच्याहून जास्त जमायचं. नसीमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सुमननं पंधरा दिवस आमच्या ओट्यावर भाकरी थापल्या होत्या. सुमन पाथर्डीकडची. इतकी वर्षं मास्तरांची बायको म्हणून मिरवली, पण बोलणं तिकडचंच राहिलं.

वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले असायचे. शेवटी असं ठरलं की पश्चिमेकडे निघायचं आणि पूर्वेकडून घरी यायचं. इस्तंबूल, लिस्बन, मग अटलांटिक ओलांडून एक देश, मग पॅसिफिक ओलांडून जपान. त्या मधल्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. जे झालं ते कुठंही होऊ शकलं असतं, आणि नाव लिहिलं की वाचणारा त्या देशाला शिव्या देऊन मोकळा होतो. मला ते नकोय. त्या देशात एक धबधबा आहे एवढं सांगतो. तो पाहणं हे दिगूचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली की रंधा धबधब्यासमोर उभा राहून तो मुलांना म्हणायचा, "हा बघा आणि असे शंभर शेजारी शेजारी ठेवा."

कामं वाटून घेतली. इंग्रजी बोलणं माझ्याकडे. तिकिटं, हॉटेलांचे कागद, विमा, सगळं एका निळ्या फायलीत घालून दिगूकडे. परदेशात चालणारं सिमकार्डही त्याच्याच फोनमध्ये. चौघं सतत बरोबरच असणार, मग दोन कशाला?

इस्तंबूल

पहिल्या सकाळी सुमननं मसुराचं सूप तोंडाला लावलं आणि वाटी खाली ठेवून म्हणाली, "आमटीच हाय की ही! फोडनी द्यायची इसरले जनू." मग लिंबू पिळून दोन वाट्या प्याली. चौघांनीही शाकाहारच खायचा असं आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हस्के जन्माचे शाकाहारी, आणि आम्हा दोघांना दर ठिकाणी मटण कुठलं, कसं कापलेलं याची चौकशी करत बसायचं नव्हतं. चहा कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यातून यायचा, बिनदुधाचा. नसीमनं खुणेनं दूध मागितलं तर दुकानदारानं आजारी माणसासाठी आणावं तसं एका कपात वेगळं कोमट दूध आणून दिलं.

दुपारी तिथली मोठी मशीद पाहिली. दिगूनं बूट पिशवीत घातले, मान वर करून घुमटाखाली बराच वेळ उभा राहिला, घुमटाचा व्यास अंदाजानं सांगितला. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तांबोळी, तुला इथं बरं वाटत असेल. आपल्या माणसांत आल्यासारखं."

तो प्रेमानंच म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मला ह्यांचा एक शब्द कळत नाही. माझी माणसं राहुरीच्या बाजारात भेटतात, तिथं ती मला उधारीवर मिरच्या देतात."

तो हसला, मीही हसलो. नसीम हसली नाही. ती बूट घालत राहिली.

लिस्बन

सगळ्या प्रवासातला चांगला दिवस कुठला असं कोणी विचारलं तर मी लिस्बनजवळचा तो एक दिवस सांगेन. युरोपचं पश्चिमेकडचं टोक तिथून तासाभरावर आहे. कडा, खाली समुद्र, पुढं अमेरिकेपर्यंत काही नाही. वारा असा की उभं राहताना एकमेकांना धरावं लागत होतं. दिगूनं टोपी काढली आणि आम्हा तिघांना वर्ग समजून शिकवायला सुरुवात केली. वारे कुठून येतात, जहाजं इथून का निघाली, क्षितिज गोल का दिसतं. बोलता बोलता त्याचा आवाज गेला. तो रडत होता. सुमननं त्याच्या हातातून टोपी घेतली आणि म्हणाली, "बघितलं का, समिंदर बघून मास्तर रडाय लागले."

परत येताना चढावरच्या गल्ल्यांत नसीमचा गुडघा दुखायला लागला तर सुमन तिचा हात खांद्यावर घेऊन चालली. दोघी मागं, आम्ही पुढं. आपल्याकडे शहर सपाटीवर असतं आणि माणसं घाईत. इथं शहर चढावर आहे आणि कोणाला घाई नाही. एका खिडकीतल्या म्हातारीनं वाळत घातलेलं कापड बाजूला करून आम्हाला हात हलवला. आम्ही चौघांनी हात हलवला. आम्ही चौघं.

तो देश

दहा तासांच्या विमानानंतर सकाळी उतरलो. पुढं तीन तासांनी धबधब्याच्या गावाला जाणारं दुसरं विमान होतं. पासपोर्ट तपासायच्या रांगेत दिगू आणि सुमन पुढं होते. ते शिक्का मारून घेऊन पलीकडे गेले. मग मी आणि नसीम एकत्र खिडकीशी गेलो. आतल्या बाईनं माझा पासपोर्ट यंत्रावर ठेवला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. फोन उचलला. एक माणूस आला आणि मला म्हणाला, "सर, माझ्याबरोबर या." नसीमच्या पासपोर्टवर शिक्का मारून तिला पलीकडे जायला सांगितलं. ती माझी बाही धरून उभी राहिली. मी म्हटलं, "जा, दिगू आहे तिथं. मी आलोच."

खोलीत माझ्याआधी सहा-सात जण बसलेले होते. फोन काढून घेतला. पाणी दिलं, नंतर बिस्किटांचा पुडाही दिला. माझ्यावर कोणी आवाज चढवला नाही, हे सांगायलाच हवं. माझ्या नावाचा दुसरा कोणी माणूस त्यांना हवा होता आणि तो मी नाही हे मला सिद्ध करायचं होतं. आपण दुसरा कोणी नाही, हे माणसानं कसं सिद्ध करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्यासमोरचा अधिकारी तिशीतला होता. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, भाऊ शारजात किती वर्षं होता, काय काम करत होता. मग त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टवर जन्मगाव अहमदनगर. एजंटानं भरलेल्या व्हिसाच्या अर्जात अहिल्यानगर.

"तुमचा जन्म दोन गावांत झालाय का?"

"नाही. गाव एकच आहे. नाव बदललं."

"कोणी बदललं?"

"सरकारनं."

"का?"

जन्मभर मी मुलांना 'का'चं उत्तर पूर्ण वाक्यात द्यायला शिकवलं. तिथं मला वाक्य सुचेना. दिगूच्या कागदांवर अगदी हेच होतं. तोही नगरच्याच दवाखान्यात जन्मला आणि त्याचाही अर्ज त्याच एजंटानं भरला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "बाहेर माझी बायको आहे आणि माझा मित्र आहे. तो मला पस्तीस वर्षं ओळखतो. आम्ही एका शाळेत शिकवलं. त्याला विचारा."

अधिकारी उठून गेला. थोड्या वेळानं आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तुमची बायको बाहेर बसली आहे." मित्राबद्दल काही बोलला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आजोबांचं नाव.

मधे एकदा त्याच्या वाक्यात व्याकरणाची चूक झाली आणि ती माझ्या लक्षात आली. आता आठवलं की हसू येतं. तिथं आलं नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यानं शिक्का मारला, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि दार उघडून धरलं. काचेच्या दारापलीकडे खुर्च्यांची एक रांग होती. शेवटच्या खुर्चीत नसीम बसलेली होती. मांडीवर सुमनची शाल, शालीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. डबा उघडलेला नव्हता. आजूबाजूला दिगू दिसेना. मी विचारलं, "हे लोक कुठंयत?"

"गेले," नसीम म्हणाली.

पुढचं तिनं मला हॉटेलच्या खोलीत सांगितलं. घरात आम्ही दखनी बोलतो, मी इथं मराठीत लिहितोय, पण शब्द तिचेच आहेत. मला आत नेल्यावर ती पलीकडे गेली आणि तिनं दिगूला सांगितलं. अर्धा तास ते तिघं तिथंच उभे होते. मग एक साहेब बाहेर आला, दिगूशी दोन वाक्यं बोलला, तिच्याकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि आत गेला. नसीमला इंग्रजी येत नाही. तिला वाटलं, म्हस्के सर आता ओळख पटवतायत, सुटलो. त्यानंतर दिगू घड्याळ बघायला लागला.

"भाभी, हे विमान चुकलं तर पुढचं सगळंच बिघडेल," तो म्हणाला. "तांबोळीला इंग्रजी येतं, तासाभरात सुटेल तो. तुम्ही आमच्याबरोबर चला, तो मागून येईल."

"मी इथून हलणार नाही."

"अहो, चौघांनी अडकून काय उपयोग?"

"तुम्ही जा."

"बरं. पोचलो की लगेच फोन करतो."

"कोणाच्या फोनवर?" नसीमनं विचारलं.

निळ्या फायलीतून त्यानं आमचे दोघांचे कागद काढून तिच्या हातात दिले. सुमन रडत होती. अंगावरची शाल तिनं नसीमला दिली, पिशवीतला डबा दिला आणि नवऱ्याच्या मागं चालायला लागली.

सात तास नसीम त्या खुर्चीवर होती. लघवीला गेली नाही, कारण तेवढ्यात मी बाहेर आलो आणि ती दिसली नाही तर? दुपारी फरशी पुसणाऱ्या एका बाईच्या हे लक्षात आलं. ती कुठल्या देशाची, कुठली भाषा बोलणारी, देव जाणे. तिनं नसीमच्या खुर्चीसमोर ओल्या फरशीची पिवळी पाटी ठेवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग दाराकडे बोट केलं. तू जा, मी बघते इथं. नसीम परत येईपर्यंत ती फडकं हातात धरून त्या दारावर नजर ठेवून उभी होती. या फेरीत भेटलेल्या माणसांपैकी नसीम कोणाची आठवण काढत असेल तर त्या बाईची.

विमानतळावरच्या वायफायवर मी दिगूला निरोप पाठवला, "सुटलो. आज विमान नाही. आम्ही इथंच राहतो." त्याचं उत्तर म्हणून एक अंगठा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्याचे सात फोटो आले.

फोन आला नाही. हॉटेलचं नाव मी कळवलं होतं, खोलीत टेलिफोन होता. दोन दिवस तो टेलिफोन पलंगाशेजारी गप्प पडून होता.

धबधब्याच्या विमानात पुन्हा जागा मिळत होती, तिसऱ्या दिवशीची. नसीम म्हणाली, "तिथं पासपोर्ट दाखवावा लागेल?" मी म्हटलं, विमानात चढताना लागेलच. ती म्हणाली, "मग नको." ते दोन दिवस आम्ही हॉटेलच्या मागच्या बागेत काढले. बागेत खारी होत्या, माणसाच्या हातातलं खाणाऱ्या. नसीमनं सुमनचे शेंगदाण्याचे लाडू फोडून त्यांना घातले. सगळा डबा.

दिगू आणि सुमन परत आले तेव्हा आम्ही हॉटेलच्या बैठकीत होतो. दिगूनं मला मिठी मारली आणि लगेच सुरू झाला. पाण्याचा आवाज दोन मैलांवरून येतो. तुषार इतके की समोरचा माणूस दिसत नाही. कड्याचा दगड दर वर्षी झिजून मागं सरकतो, त्याच्या खुणा त्यानं प्रत्यक्ष पाहिल्या. त्याचे डोळे चमकत होते. तीस वर्षं फळ्यावर काढलेलं चित्र त्यानं खरं पाहिलं होतं, आणि ते सांगायला त्याला मीच हवा होतो. मी ऐकलं. शेवटी तो म्हणाला, "पण तुमचं एक बरं झालं, दोन दिवस आराम तरी मिळाला."

सुमन नसीमच्या शेजारी येऊन बसली.

क्योटो

पुढचे नऊ दिवस आम्ही चौघं बरोबर होतो आणि एकानंही तो विषय काढला नाही. जपान हा न बोलण्यासाठी चांगला देश आहे. बसमध्ये कोणी बोलत नाही, रस्त्यावर भोंगा नाही, देवळात घंटासुद्धा हळू वाजवतात. आपल्याकडे चौघं गप्प बसले की पाचवा येऊन विचारतो, काय झालं? तिथं कोणी विचारलं नाही.

दिगूच्या बाजूनं सगळं पूर्वीसारखंच होतं. "तांबोळी, विचार ना याला, स्टेशन कुठं आहे?" आणि मी विचारायचो. पासपोर्ट दाखवायची वेळ आली की मात्र तो दोन पावलं पुढं जाऊन रांगेत उभा राहायचा. आधी माझ्या हे लक्षात आलं नाही. नसीमनं दाखवलं.

शेवटून दुसऱ्या दिवशी सुमनला कळलं की आम्ही चार दिवस रोज दुपारी खात होतो त्या शेवयांचं पाणी वाळवलेल्या माशाचं असतं. खानावळीतल्या मुलीनं मला समजावून सांगितलं आणि मी मूर्खासारखं भाषांतर करून टाकलं.

"म्हंजी? चार दिस मी मासं खाल्लं?"

सुमन तिथून उठली, बाहेर गटाराशी बसली आणि ओकारी काढायला लागली. येत काही नव्हतं, पण ती थांबेना. रस्त्यावरची माणसं नजर फिरवून जात होती. दिगू ओशाळून म्हणाला, "अगं, लोक बघतायत. ऊठ." नसीम आपला दुखरा गुडघा घेऊन तिच्याशेजारी खाली बसली. तिची पाठ चोळत राहिली. "मासा नव्हता सुमनताई, पाणी होतं नुसतं. तुम्हाला माहीत नव्हतं ना? मग नाही लागत." सुमन तिच्या गळ्यात पडून रडली. माशासाठी एवढं रडतात का, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सावेडी

परत आल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दिगूचं व्याख्यान झालं, 'जगाची एक फेरी'. हॉल भरलेला होता. पडदा, प्रोजेक्टर, सगळं. मी आणि नसीम दुसऱ्या रांगेत. दिगू छान बोलतो. इस्तंबूलच्या आमटीला लोक हसले, लिस्बनच्या कड्याला गप्प झाले. मग पडद्यावर धबधबा आला. दिगू आणि सुमन, मागं पांढरं पाणी. कोणीतरी विचारलं, "यात तांबोळी सर कुठंयत?"

दिगूनं पडद्याकडे पाहिलं. "तांबोळी सरांची तब्येत तिथं अचानक बिघडली," तो म्हणाला. "बिचाऱ्यांना दोन दिवस हॉटेलातच पडून राहावं लागलं. या वयात असं होतंच."

लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कळवळून. मी मान खाली घातली. म्हणजे मी ते चालू दिलं, हेही लिहून ठेवतो.

शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नसीम उभी होती. चाळीस वर्षांत मी तिला चार माणसांसमोर बोलताना पाहिलेलं नाही.

"सर, यांना काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "नावामुळं यांना विमानतळावर चौकशीला बसवलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी बाहेर एकटी होते. आणि तुम्ही निघून गेलात."

एवढंच बोलून ती खाली बसली. पडद्यावर तो फोटो तसाच होता. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "चहा तयार आहे, आपण आधी चहा घेऊ."

चहाला लोक माझ्याजवळ आले. एक जण म्हणाला, फार वाईट झालं. दुसरा म्हणाला, खरंय, पण वहिनींनी असं चारचौघांत बोलायला नको होतं. आणि एक जण, ज्याच्या मुलीला मी फुकट इंग्रजी शिकवलं होतं, मला खांबाआड घेऊन हळू आवाजात म्हणाला, "पण सर, बसवलं कशासाठी होतं? काहीतरी असेलच ना त्यांच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगू आला. व्हरांड्यातच उभा राहिला.

"भाभींनी माझी शोभा केली, तांबोळी. सगळ्यांसमोर."

"तू खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी! लोकांना काय सांगू? तांबोळीला तिथं पोलिसांनी धरून ठेवलं होतं? मी तुझी लाज राखली रे."

"माझी कसली लाज, दिगू? मी काय केलं होतं?"

मला वाटतं हा प्रश्न त्याला खरंच पडलेला नव्हता. "तसं नाही," तो म्हणाला. "लोकांचं तुला माहितीये."

"लोकांचं माहितीये. तुझं माहीत नव्हतं."

तो निघून गेला.

सुमन आली ती त्यानंतर आठवड्यानं, दुपारी, एकटी. नसीमनं तिला पाणी दिलं. तिनं पेला हातातच धरला, प्याली नाही.

"भाभी, एक सांगायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. "तुमालाबी सांगते, सर. त्या दिशी तो साहेब भाईर आला हुता न्हाई का, तवा मी ह्यांच्या शेजारीच हुते. त्यानं इचारलं, आन् ह्ये 'नो' म्हनले. मी म्हनलं, काय इचारत हुता ओ? तर म्हनले, सामानाचं इचारत हुता. मग इमानात बसल्यावर सांगितलं मला. साहेब इचारत हुता, आत बसलेला मानूस तुमच्याबरोबरचा हाय का? ओळखता का त्याला?"

खोलीत पंखा फिरत होता. नसीम माझ्याकडे बघत नव्हती.

"मी लई बोलले त्यास्नी. तर म्हनले, भ्यालो गं, मलाबी आत घेतलं असतं." तिनं पेला दोन्ही हातांत धरला. "मला इंग्रजी येत न्हाई, सर. पन 'नो' कळतं. मला तवाच कळलं हुतं. तरीबी मी गेले त्यांच्या मागं."

नसीमनं तिच्या हातातला पेला काढून टेबलावर ठेवला. तिला जा म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही. शेवटी सुमन आपणच उठली, पायऱ्या उतरली आणि गेली.

मी दिगूच्या जागी स्वतःला पुष्कळदा उभं करून पाहिलंय. परका देश, गणवेशातला माणूस, आयुष्यभराचं स्वप्न दोन तासांवर. भ्यालो असतो, मीही भ्यालो असतो. कदाचित माझ्याही तोंडून तो शब्द गेला असता. त्या एका शब्दाची माफी मी मनातल्या मनात त्याला दिलीही आहे. पण धबधब्यावर त्याला कोणाची भीती होती? तिथं दोन दिवस होते, खिशात चालू फोन होता. नऊ दिवस जपानमध्ये आम्ही एका टेबलावर जेवलो. आणि नगरच्या त्या हॉलमध्ये तर सगळी ओळखीचीच माणसं होती. मी या जागेपर्यंत येतो आणि मला पुढं जाता येत नाही.

निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेसहाला दिगू आणि मी फिरायला जायचो. तो मला घ्यायला यायचा आणि फाटकाशी उभा राहून हाक मारायचा. आताही त्याच वेळेला तो आमच्या गल्लीतून जातो. त्याचा रस्ता इकडून नाही, तरी जातो. मी आणि नसीम आत चहा घेत असतो. फाटकाशी आलं की त्याच्या चपलांचा आवाज मंदावतो. थांबत नाही, नुसता मंदावतो. हाक येत नाही आणि मी उठत नाही. मग आवाज पुढं सरकतो.

"गेले," नसीम म्हणते.

मी चहा संपवतो.